खंदकावरचा गहू

डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला माझ्या वडिलांची, आप्पांची, लोखंडी ट्रंक आठवते आणि तिच्या तळाशी जपलेला एकाहत्तरच्या लढाईतला फोटो: पंजाबातल्या एका कालव्याच्या बांधावरून काढलेला, उघडं रान आणि त्यातून गेलेला आप्पांच्या तुकडीचा नागमोडी खंदक. काही वर्षांपूर्वी मिलिटरीतल्या माझ्या भावाची तिकडंच बदली झाली, आणि त्यानं त्याच बांधावर उभं राहून नवा फोटो काढून शेवगावला माझ्या मोबाईलवर पाठवला. नजर जाईल तिथवर नुसता गहू. "खंदकाची खूणसुद्धा राहिली नाही," मी म्हणाले. आप्पांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले, चष्मा पुसला आणि कितीतरी वेळ त्या पिकाकडं बघत राहिले. "न्हाई कशी? आपल्या बुजवलेल्या हिरीवर ज्वारी कशी उठती? भर घातलेली माती वल धरती. बघ की." मग मलाही दिसलं: हिरव्या गव्हातून गेलेला काळपट हिरवा पट्टा, जुन्या फोटोतल्यासारखीच वळणं घेत. आप्पांचं बोट वळणं मोजत तिसऱ्यावर थांबलं. "हितं माझा जोडीदार गेला," ते म्हणाले. आता आप्पा नाहीत. पण आमच्या बुजवलेल्या विहिरीवरची ज्वारी माझ्या डोक्याच्या वर जाते, तेव्हा गव्हातलं ते तिसरं वळण आठवतं आणि तिथलं कणीस खुडायला माझा हात लगेच पुढं होत नाही.