मशीनवर कापलेली गिटार घेऊन नालवाडीला

मे महिन्यात वर्ध्याला चाललोय म्हटल्यावर कारखान्यातल्या लोकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "अरे, तिकडचे लोक मेमध्ये इकडे पळून येतात!" एकाने सुनावलं. मी हसण्यावारी नेलं. खरं कारण सांगण्याजोगं नव्हतं. २००८ साल, वय सदतीस, भोसरीत भाड्याने घेतलेली पत्र्याची शेड आणि तिच्यात एक जुनं सीएनसी राउटर, म्हणजे संगणकावर काढलेलं चित्र लाकडात हुबेहूब कापणारं मशीन. दिवसभर कारखान्यात लोखंड कापायचं, रविवारी शेडमध्ये गिटारी. शेडमध्ये बोलायला कुणी नाही. म्हणून ठरवलं, सुधाकरला भेटायचं आणि विचारायचं, "पुण्याला येतोस का? दोघं मिळून गिटारी करू." एवढं एक वाक्य बोलायला मी आठशे किलोमीटर निघालो होतो.

सुधाकर कोण ते सांगतो. नव्वदच्या दशकात वडिलांची पुलगावला बदली झाली आणि मी वर्ध्यात आयटीआयला लागलो. तिथे सुतारकामाला हा होता. एका गिटारीचा फोटो पाहून, मापं अंदाजाने ठरवून, आम्ही भंगारातल्या देवदारी खोक्याची गिटार केली. रंधा, पटाशी, करवत आणि सरस, बाकी काही नाही. ती गिटार कधीच सुरात लागली नाही, पण तेवढा आनंद मला पुन्हा कशात मिळाला नाही. पुढे मी पुण्याला मशीनकडे गेलो, तो नालवाडीत हत्यारांपाशीच राहिला. दिवाळीला फोन व्हायचा, तेवढाच.

जाणाऱ्यांसाठी: पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट वर्ध्याला सोडते. स्लीपरने जाणार असाल तर भुसावळनंतर पाण्याच्या दोन बाटल्या जास्त ठेवा, खिडकीतून वारा नाही, झळ येते. गिटारीची पेटी मी वरच्या बर्थवर ठेवली आणि स्वतः पाय दुमडून झोपलो. समोरच्या काकूंनी विचारलं, "वाजवता का?" म्हटलं, "नाही, बनवतो." "मग वाजवतं कोण?" मी पेटी बर्थवर जरा आत सरकवली. काकूंनी चिवडा दिला आणि विषय सोडला.

स्टेशनवरून नालवाडीला ऑटो लगेच मिळतो. सुधाकर दारातच उभा होता, केस पांढरे झालेले.

"काऊन बे, एवढ्या उन्हाचा आला? तोंड पाह्य कसं झालं तुहं!"

त्याची बायको संगीता शाळेत शिकवते, त्यामुळे उन्हाळी सुट्टीत घरी होती. तिने पन्हं दिलं, मग वांग्याची भाजी, भाकरी आणि असा ठेचा, की कानातून वाफा निघाल्या. जेवण झाल्यावर मी पेटी उघडली. पहिल्यापासून शेवटपर्यंत मशीनवर कापलेली गिटार. सुधाकरने ती मांडीवर घेतली, गळ्यावर नजर लावली, पितळी पट्ट्यांच्या, म्हणजे फ्रेटच्या खाचा न्याहाळल्या.

"ह्या खाचा माह्याच्यानं नाई होत," तो म्हणाला. "माहे डोळे आता नाई पुरत. लय भारी काम हाय."

मी फुगलो. वाक्य जिभेवर आलं होतं. पण संगीताने सुपारी पुढे केली, आणि मी मनात म्हटलं, उद्या विचारू.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानेच हाक मारली. गिटार रात्रभर त्याच्या खोलीत उघडी होती. गळ्याच्या कडेवरून त्याने माझा अंगठा फिरवला. बारीक रक्त आलं. एकूण एक फ्रेट कडेबाहेर डोकावत होता.

"मशीनची चुकी नाई. लाकूड सुकलं अन् आखडलं. फ्रेट थोडीच आखडते? कोणत्या महिन्यात जोडलं तू हे?"

"जुलैत."

"जुलैत! पुण्यात! भर पावसात!" तो पोट धरून हसला. "अबे, लाकडाले पानी पाजून मापं घेतली तू."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शतांश मिलिमीटरचा हिशेब करणारा मी, आणि महिना बघायचं राहून गेलं. सुधाकर वर्षभर कापतो, तासतो, घासतो; पण जोडणी फक्त मेमध्ये, तीही कूलर बंद करून. "यापेक्षा लाकूड कधीच सुकत नाई. आता जोडलं तं पुढं फुगंन, पन तडकनार नाई. अन् सरस बी लवकर गोठत नाई, दोन मिनिटं भेटतात." कानस घेऊन त्याने फ्रेटची टोकं तासभर घासून दिली, एका शब्दाने न टोचता. टोचलं असतं तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही गिरडला गेलो. समुद्रपूरला एसटी बदलावी लागते, दोन-अडीच तास धरा, आणि दहाच्या आत दर्ग्याची टेकडी चढून उतरा. तिथल्या एका टेलरकडे सुधाकरने नऊ वर्षांपूर्वी केलेली गिटार होती. अंग ओबडधोबड, एक खांदा दुसऱ्यापेक्षा जरा उतरता. टेलरने मशीनवरचं कापड बाजूला सारून दोन चाली वाजवल्या. नऊ उन्हाळे खाऊन एक तडा नाही. माझ्या गिटारीचा आवाज हिच्यापेक्षा स्वच्छ आहे, हे मी आजही म्हणेन. पण माझी ऐकायला कुणी दुकान थांबवलेलं नाही. मग दर्ग्याच्या पायऱ्यांवर सावलीत बसलो. आम्ही दोघंच. विचारायला याहून चांगली जागा मिळाली नसती. मी विचारलं काय, तर परतीची एसटी किती वाजता आहे.

शेवटच्या दुपारी सुधाकरची या वर्षीची जोडणी होती. गिटारीच्या कडांवर पाठ बसवायची, सरस लावायचा आणि बाजेची नवार, म्हणजे रुंद सुती पट्टी, गुंडाळत दोन बाजूंनी दोघांनी सारख्या ताणाने ओढायची. एकट्याचं काम नाही. आयटीआयत दुसरं टोक माझं असायचं. माझ्या शेडमध्ये हे काम आवळून धरणारे लोखंडी शिकंजे करतात, माणूस लागत नाही.

संगीता म्हणाली, "भाऊजी, आज तुम्ही धरा. मी चहा ठेवते."

मला इतका आनंद झाला की तिचं बोलणं संपायच्या आत मी नवारीचं टोक धरलं. सुधाकरने सरस फिरवला, पाठ बसवली. "ओढ!" मी ओढली. तेवढ्यात मला पाठ किंचित सरकलेली दिसली. "थांब, अर्धा मिलिमीटर गेलंय," म्हणत मी नवार सोडून खिशातला व्हर्नियर काढला. मोजलं. बरोबरच होतं, अर्धा मिलिमीटर. तोवर सैल पडलेल्या बाजूचा सरस गोठला.

सुधाकर रागावला नाही. त्याने गरम पाण्याचं फडकं फिरवून, पातळ सुरी घालून पाठ अलगद सोडवली, कडा पुसून कोरड्या करून घेतल्या. त्यात तास गेला. चहा गार झाला. मग पुन्हा सरस तापला, आणि त्याने वर न बघता हाक दिली, "संगीता."

ती आली. दोघं समोरासमोर बसली. एक ओढतो, दुसरी सैल सोडत नाही. एक वळतो, दुसरी आधीच वळलेली. ना "ओढ" ना "थांब". मी भिंतीला टेकून उभा होतो, हातात व्हर्नियर. मला त्यांचा हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याची लाज वाटली.

स्टेशनवर त्याने वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचे दोन पुडे माझ्या पिशवीत कोंबले. गाडी हलताना म्हणाला, "गळ्यावर बसवाच्या, खाचा पाडलेल्या पाच लाकडी पट्ट्या पाठवजो. तुह्या मशीनसारख्या खाचा इकडं कोनी करत नाई. त्यासाठी एवढ्या दूर येऊ नोको, कुरिअर घरपोच येते." तो मनापासून बोलत होता. मला त्रास पडू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

परत आल्यावर पाचही पट्ट्या कापल्या, एकही खाच चुकली नाही. पार्सल पोचल्याचा फोन आला, कौतुकही भरभरून केलं. सहलीतून काय उरलं म्हणाल, तर दोन गोष्टी. जोडणीचं काम आता मीही मेमध्येच करतो, आणि मशीनवरून माझा जीव उडालेला नाही. ते बिचारं सांगू ते करतं. पण मी गिटारीसाठी गेलो नव्हतो, हे मला परतीच्या गाडीत अकोल्याच्या आसपास कळलं.

तुम्ही कुणी जुन्या मित्राला असं काही विचारायला निघाला असाल, तर माझं ऐका: पोचल्या दिवशीच विचारा. नाही म्हणाला तर निदान त्याने ते आपल्याला म्हटलेलं असतं.