दातांत धरलेला स्क्रूड्रायव्हर

आमच्या ह्यांच्यापुढे ट्रकचा विषय काढू नये. काढलात की मेलात! लग्नाला आठ दिवस झाले नव्हते, तर ह्यांनी मला चुलीपाशी गाठून ट्रकचा जन्म सांगितला. "अगं, आधी नुसती घोडागाडी. कुणीतरी घोडे सोडले, मागच्या बाजूला इंजिन बसवलं, झाला ट्रक! चार घोड्यांचं बळ, बस्स. डिझेल नंतर आलं. त्याला ठिणगी लागतच नाही. हवा जोरात दाबली की तापते, त्यात तेल फवारलं की आपोआप भडका."

"म्हणजे माझ्यासारखंच की," मी म्हटलं. तेव्हापासून हे लाडात आले की मला डिझेल म्हणतात.

ट्रकच्या गॅरेजात हे मिस्त्री. तेहतीस वर्षं एकच पद्धत. चालू इंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि कितव्या सिलिंडरचं दुखणं आहे ते सांगायचं. ह्यांनी सांगितल्याशिवाय इंजिन उघडायचं नाही, असा मालकांचा नियमच होता.

गेल्या वर्षापासून हे माझ्या हाकेला ओ देईनात. मी म्हटलं, म्हातारपणी शिंगं फुटली वाटतं! किती बोलले, किती भांडी आपटली, सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग एका शनिवारी हे भरदुपारीच घरी आले. ह्यांनी तिसरा सिलिंडर सांगितला होता. अख्खं इंजिन खोललं, तर बिघाड पाचव्यात. मालक ओरडले नाहीत. "मिस्त्री, सोमवारपासून मशीन लावून तपासू. तुम्ही स्टोअर सांभाळा," एवढंच म्हणाले.

"मला ऐकू येत नाही गं. समोरच्याचे ओठ बघून भागवतो," हे म्हणाले. मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणतात, "कानात यंत्र घालून कुठल्या तोंडानं इंजिनापुढे उभा राहू?"

रविवारी माझं शिलाई मशीन खरखरायला लागलं. ते उचलून खालून बघावं म्हणून ह्यांनी स्क्रूड्रायव्हर दातांत धरला. त्याचं टोक चालू मोटरला टेकलं आणि हे जागीच थिजले.

"बेअरिंग गेलंय!"

"कशावरून?"

"ऐकू आलं! दातांतून, थेट कवटीच्या हाडांत!"

सोमवारी डबा द्यायच्या निमित्तानं मीही गॅरेजात गेले. नवं मशीन घेऊन आलेला माणूस वायरी जोडत होता. ह्यांनी इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि मूठ दातांत धरली. सगळे फिदीफिदी हसले. माझं डिझेल पेटलंच होतं.

"दुसरा," हे म्हणाले.

उघडलं, तर दुसराच! मालक कपाळ पुसत म्हणाले, "मिस्त्री, स्टोअरला मी दुसरा माणूस बघतो."

घरी येताना हे ताठ मानेनं पुढे चालत होते. मी मागून हाक मारली, "अहो!" दोनदा मारली. हे चालतच राहिले. इंजिनाचं ऐकू येतं आणि माझं नाही! घरी आल्यावर मात्र मला रडू आवरेना.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. जवळ बसले आणि आपलं कपाळ माझ्या कपाळाला घट्ट टेकवलं.

"हं. बोल आता."

वर्षभराचं भांडण साठलं होतं. पण तोंडून निघालं एवढंच, "अहो."

"ऐकू आलं," हे म्हणाले, पण कपाळ काही काढलं नाही.