शनिवारची गाडी

ब्रिस्टलपासून तासाभरावरच्या एका खेड्यात मनाशे नागावकरांचं किराणा दुकान होतं. रस्ता इतका अरुंद, की मालाची गाडी दारात थांबली की मागे दुधाचे टँकर तुंबायचे. शेवटी एकाहत्तर साली कौन्सिलने दुकानासमोर पिवळ्या रेघा मारून पाटी ठोकली: माल उतरवायला गाडी फक्त शनिवारी सकाळी थांबेल.

मनाशे कौन्सिलच्या ऑफिसात गेले. "शनिवारी आम्हा ज्यूंचा शब्बाथ असतो, साहेब, त्या दिवशी कामधंदा करायचा नसतो. कोकणात आमच्या वाडवडिलांचे तेलाचे घाणेसुद्धा त्या दिवशी बंद. लोक आम्हाला शनिवार तेलीच म्हणायचे."

साहेबाने मन लावून ऐकून घेतलं. "पण मिस्टर नागावकर, आता तुमचा धंदा तेलाचा नाही ना?"

घरी सिमाबाई म्हणाल्या, "अहो, शेजारची पोस्टवाली घेईल उतरवून. तुम्ही हात नका लावू."

"माल कुणाचा? माझाच ना? मग शब्बाथ तिचा मोडणार की माझा?"

"तेली तो तेलीच," असं पुटपुटत त्या शब्बाथ लागताना लावायच्या शुक्रवारच्या दिव्यात तेल घालू लागल्या.

शनिवारी ड्रायव्हरने दार ठोठावलं, हाका मारल्या. मनाशे आत बसून ऐकत राहिले. गाडी भरलेलीच परत गेली. पुढच्या शनिवारीही तेच झालं, तेव्हा घाऊक व्यापाऱ्याने गाडी पाठवणंच बंद केलं. रिकाम्या फळ्या बघून गिऱ्हाइकं तुटली.

नाताळाच्या आत दुकान बंद करून मनाशे ब्रिस्टलच्या एका कारखान्यात लागले. तिथे शनिवारचीही पाळी होती. पहिल्याच शनिवारी सकाळी सिमाबाईंनी डबा पुढे केला, तो उचलून ते पाळीवर गेले.