खाडीच्या चिखलातल्या माणसामागे, खडवलीपर्यंत

शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर माझे गुडघे लांबच्या प्रवासाला नकार देतात. तरी या वेळी मी निघाले. मला कोपरीत दारावर मासळी देणाऱ्या भारतीच्या भावाने, सुरेशने, डोंबिवलीच्या खाडीकाठी तळ्यासाठी खड्डा खणला. पुरुषभर खोल, कुजलेल्या गवताच्या काळ्या मातीत माणसाची हाडं लागली. चहाच्या रंगाची कवटी, शेजारी धार काढलेले दगड. पोलीस "फार जुनं आहे" म्हणून निघून गेले.

हा माणूस हजारो वर्षांपूर्वीचा असू शकतो, तज्ज्ञांनी बघायलाच हवा, हे मी एका सरकारी कार्यालयाला चार दिवस फोनवर सांगत होते. शेवटी उत्तर आलं, "अर्ज तीन प्रतींत द्या." मग मी सुरेशलाच बजावलं, "हा तुमचा पूर्वज असेल. नीट सांभाळा."

पाचव्या दिवशी डोंबिवली पश्चिमेहून शेअर रिक्षाने त्यांच्या घरी पोचले. कंबरेचा पट्टा असेल तर बांधूनच बसा. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "ती समदी खडवलीला नदीवर गेली. हाडं घेऊन." खड्ड्यात उतरून बघितलं, तळाशी नुसता काळा चिखल.

पुन्हा स्टेशन. कसाऱ्याची गाडी चुकली तर बराच वेळ बसावं लागतं, मी बसले. खडवलीला नदीपर्यंत रिक्षा मिळते, धड स्वच्छतागृह मात्र शोधू नका.

काठावर सुरेश डोकं भादरून उभा होता. हातातलं मडकं रिकामं.

"सोडलीत पाण्यात?" मी विचारलं. "मी सांभाळा म्हणाले होते ना?"

"टीचर, तुमीच बोललात पूर्वज हाय," तो शांतपणे म्हणाला. "मग पूर्वजाला काय गोणीन भरून ठेवाचा?"

"आणि ते दगड?"

"त्याचं सामान त्याच्याबरोबर."

भारतीने पत्रावळ पुढे केली. "जेवा आधी. सकालपासून फिरताव, तोंड बगा कसं झालंय."

भात, वालाची आमटी, वडे. रागाने जेवले, पण पोटभर जेवले. सुरेश शेजारी येऊन बसला.

"कावला लगेच शिवला, टीचर. त्याची कंची इच्छा नव्हती राहिली."

संध्याकाळी कोपरीत पाय गरम पाण्यात सोडून मेल उघडला. कार्यालयाने कळवलं होतं: अवशेष जागेवरून हलवू नयेत. मी मेल बंद केला. चपलांच्या तळाला तो काळा चिखल वाळून बसला होता. तेवढाच माझ्या वाट्याला आला. किती हजार वर्षांचा होता, काय खायचा, कशाने मेला, आता कोणी सांगणार नाही.

त्याची इच्छा राहिली नसेल. माझी राहिली.