आवाज थांबला की

मला शांत बसता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मी बुऱ्हाणपुरात रोज सकाळी लोकांना शांत बसायला शिकवते, आणि ते ऐकून माझा भाऊ अजून पोट धरून हसतो.

शनवारा दरवाजाजवळच्या एका धर्मशाळेच्या वरच्या मजल्यावर आमचा योगाचा वर्ग भरतो. मागच्या गल्लीत सगळे कापडाचे पॉवरलूम. सकाळपासून खटाखट, खटाखट. नवा माणूस पहिल्या दिवशी कपाळाला आठ्या घालतो आणि इथे कसलं ध्यान लागणार म्हणतो. मला त्या आवाजात बरं वाटायचं. माझी पंचाईत व्हायची ती लाईट गेली आणि सगळे लूम एकदम थांबले की.

माझं लहानपण कागद कारखान्याच्या कॉलनीत गेलं. वडील मशीनवर होते. मशीनची घरघर भिंतीतून सारखी यायची, इतकी की ती आम्हाला ऐकूही येत नसे. पण मध्येच थांबली की अख्खी कॉलनी उठून उभी राहायची. आई तव्यावरची पोळी तशीच टाकून दारात यायची, समोरच्या काकू ओल्या हातांनी बाहेर यायच्या. मशीनवरचा कागद तुटला असेल, लाईट गेली असेल, कुणाचा हात सापडला असेल, काहीही असेल. काय झालं ते कुणी येऊन सांगायचं नाही. ज्यांचा माणूस शिफ्टला असे, त्या बायका रस्त्याच्या टोकाकडे बघत राहायच्या. घरघर पुन्हा सुरू झाली की सगळ्या आत. करपलेली पोळी आम्ही मुकाट्याने खायचो.

लग्न होऊन बुऱ्हाणपुरात आले, कॉलनी सुटली, पण ते उभं राहणं अंगातून गेलं नाही. त्यावर उपाय म्हणून मी गुरू करत सुटले. एका महाराजांनी मंत्र दिला, तो मी अशा घाईने म्हणायची की माळच तुटली. दुसऱ्या एकांनी पलंगाची दिशा बदलायला सांगितली. पलंग फिरवताना नवऱ्याची कंबर धरली आणि माझं मन होतं तिथेच राहिलं. शेवटी जाऊबाईंनी मला ओढतच ताईंच्या वर्गात नेलं.

ताई म्हणजे साठी उलटलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई. वज्रासनात बसल्या की पाट्यासारख्या, जागच्या हलायच्या नाहीत. पहिल्याच आठवड्यात आम्ही शवासनात असताना लूम थांबले. मी ताडकन उठले आणि जिन्यापर्यंत पळालेसुद्धा. शेजारी केळीचे बागायतदार काका पडले होते. त्यांनी एक डोळा उघडला.

“काय झालं व माय? कुठी चालली?”

सगळा वर्ग हसला. ताई हसल्या नाहीत. “बस,” एवढंच म्हणाल्या.

पुढे मी आसनं शिकले, श्वास शिकले, ताईंच्या गैरहजेरीत वर्गही घेऊ लागले. पण आवाज थांबला की मी उठायचीच. डोळे उघडले की समोर ताई तशाच बसलेल्या. मला त्यांचा हेवा वाटायचा. कधी कधी तर राग यायचा. इतकं कसं काही होत नाही या बाईला?

मग ताईंचे गुडघे बोलू लागले आणि मुलाने त्यांना पुण्याला बोलावलं. एक दिवस त्या म्हणाल्या, “वर्ग आता तू घे.” मला तो वर्ग हवा होता, अगदी मनापासून हवा होता. पण कधीमधी घेणं वेगळं आणि ताईंच्या जागी बसणं वेगळं. जी स्वतः दचकून उठते, तिच्या समोर डोळे मिटून कोण बसेल? शेवटी नाही म्हणायचं ठरवलं.

वर्ग सुटल्यावर आम्ही दोघी सतरंजीची घडी घालत होतो, दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात लूम थांबले. माझ्या हातातून सतरंजी सुटली आणि मी खिडकीशी पोचले.

“इकडे बघ,” ताई म्हणाल्या. “माझे पाय बघ.”

त्यांच्या पायांची बोटं आत वळली होती, जमीन घट्ट धरून.

“मी पण कारखान्याच्या कॉलनीतलीच आहे. आमचे हे मशीनवर होते. आवाज थांबला की अजून होतं असं. पहिले मी पण पळायची. आता एवढंच उरलंय.”

मी कधी विचारलंच नव्हतं. “पूर्ण कधी जाणार मग, ताई?”

“मला नाही माहीत, बेटा. काय टेन्शन घेते? बसून बघ.”

नाही म्हणायचं राहूनच गेलं.

ताई पुण्याला गेल्यानंतर थोड्याच दिवसांत भर ध्यानात लाईट गेली. मी पायांची बोटं वळवून बघितली, दात आवळले, तरी उठलेच. कपड्यांची सळसळ ऐकून लोकांनी डोळे उघडले. बाई उभ्या आहेत म्हणजे आता उभंच राहायचं असणार, असं समजून सगळे उठले. केळीवाले काकासुद्धा गुडघ्यावर हात देत उठले. मी ताडासन सांगितलं. दुसरं करणार काय?

संध्याकाळी ताईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या खूप हसल्या. मग सांगू लागल्या,

“इथे अकराव्या मजल्यावर काही ऐकूच येत नाही गं. काचा लावल्या की संपलं. मी दिवसभर उठते नि बसते. आवाज थांबल्यावर कसं होतं ना, तसं सकाळपासूनच होतं.” आणि लगेच विचारलं, “उद्या वर्गाच्या वेळी फोन चालू ठेवशील?”

तेव्हापासून वर्ग सुरू झाला की ताईंना फोन लावते आणि तो मागच्या खिडकीत ठेवते, लूमच्या बाजूला. लाईट गेली की मी अजूनही उठते. वर्गालाही आता सवय झाली आहे, सगळे आपापलं ताडासन करतात. मी तेवढ्यात खिडकीशी जाते, फोन तोंडाजवळ धरते आणि सांगते, “ताई, नुसती लाईट गेलीय. सगळे घरी येतील.”