डाव्या बाजूचा खांब

आमच्या नणंदबाई गाडीला किल्ली लावतात तेव्हा मुंबई-आग्रा महामार्गावरची निम्मी वाहतूक देवाच्या भरवशावर चालते आणि उरलेली निम्मी माझ्या. वय चौसष्ट, शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या बाई, आणि ताब्यात एक जुनी पांढरी व्हॅन. शेजारी मी, त्यांच्या धाकट्या भावाची बायको. माझ्या मांडीवर कायम एक पिशवी असते. तिच्यात बॅटरी, दोरखंड, मीठ-साखरेच्या पुड्या, त्यांचा जादा चष्मा आणि नातेवाइकांचे नंबर लिहिलेला कागद. हो, मोबाइल बंद पडला तर? "ताई, ट्रक!" मी ओरडते. "दिसतोय गं. रंग बघ काय लावलाय मेल्यानं!" असं म्हणून ताई तो रंग नीट बघायला ट्रकच्या आणखी जवळ जातात. माझा जीव तिथंच अर्धा होतो. नाशिकहून मालेगाव म्हणजे फार तर अडीच तासांचं काम, पण आम्हाला एकदा दोन दिवस लागले होते, कारण वाटेत एका ढाब्यावरची म्हैस त्यांना "चेहऱ्यानं फार बोलकी" वाटली.

घरात थांबल्या तरी सुख नाही. जातील तिथली माती आणायची, वस्त्रगाळ करायची, डिंकात खलून रंग करायचा आणि तो माझ्या लोणच्याच्या बरण्यांत भरायचा, हा त्यांचा छंद. बरण्यांवर चिठ्ठ्या लावायचा कंटाळा. एकदा आमच्या ह्यांनी मेतकूट समजून चांदवडची पिवळी माती तूप-भातावर घेतली आणि अर्धा भात खाऊन झाल्यावर म्हणाले, "जरा कचकच लागतेय, पण चव बरी आहे." मी रात्रभर ह्यांच्या पोटावर हात ठेवून जागी. ताईंनी मात्र उरलेली माती किती आहे ते आधी बघितलं.

पण माणसं जोडावीत ती ताईंनीच. पंचवटीच्या भाजीबाजारापासून मालेगावपर्यंत त्यांची माणसं आहेत, आणि ती टिकण्याचं कारण म्हणजे ताईंची एक खोड. त्या कुठलंच चित्र पुरं करत नाहीत. कुणाची भुवई बाकी ठेवतील, कुणाच्या दाराची कडी. "पुरं केलं की संपलं. परत जायला निमित्त नको?" असं त्यांचं म्हणणं. मालेगावच्या एका यंत्रमागवाल्या चाचांची दाढी चार वर्षं अर्धीच आहे. गेल्या खेपेला नातीचं लग्न ठरलं तेव्हा ते काकुळतीला येऊन म्हणाले, "आपा, अब तो दाढ़ी पूरी कर दो, नवासी की शादी है!" ताईंनी शिरखुर्मा खाल्ला, दोन केस वाढवले आणि निघाल्या.

हे सगळं मी हसत सांगतेय, पण गेल्या वर्षापासून माझी काळजी नेहमीची राहिली नव्हती. डाव्या बाजूचा आरसा दोनदा फुटला. पिंपळगावाजवळ दुधाच्या किटल्या लावलेला मोटारसायकलवाला माझ्या खिडकीला इतका घासून गेला, की त्याच्या शिव्या मला अगदी स्पष्ट ऐकू आल्या. "कुठून आला गं हा?" ताईंनी विचारलं. मी म्हटलं, "केव्हाचा चालला होता, ताई." त्या हसून म्हणाल्या, "हल्ली मला तूसुद्धा दिसत नाहीस, नुसती ऐकू येतेस." मीही हसले. माझ्या किंचाळण्यावरचा टोमणा, दुसरं काय!

मग चांदवडला सुमनबाईंच्या मळ्यात गेलो. ताईंनी त्यांच्या कांदाचाळीचं, म्हणजे कांदे साठवायच्या छपराचं चित्र काढलं. सुमनबाईंनी पदराला हात पुसले, चित्र लांब धरलं आणि म्हणाल्या, "लय झ्याक हे. पण ताई, ह्या डाव्या अंगाचे खांबच नाय काढले तुम्ही. चाळ पडंल ना माझी!" आम्ही सगळ्या हसलो. "ते मुद्दाम सोडलंय हो, परत यायला," मीच वर सांगितलं. ताई हसल्या नाहीत. चाळीकडे बघत त्यांनी विचारलं, "कुठले खांब?"

मी घरी येऊन त्यांची वर्षभराची चित्रं समोर पसरून बसले. डावी बाजू, डावी बाजू, डावी बाजू. आम्ही सगळे कौतुकानं खोड खोड म्हणत होतो, आणि बाईची नजर चालली होती. माझ्यासारख्या पाण्याची टाकी भरून वाहील म्हणून झोप न येणाऱ्या बाईला हे कळू नये? डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती थेंबांवर जपायची. चित्रं काढा, मान वळवून बघायची सवय करा, पण गाडी आजपासून बंद.

ताईंनी वाद घातला नाही, हेच मला भलतं वाटलं. दहा दिवस ब्रश हातात नाही. अकराव्या दिवशी त्यांनी माझ्या सगळ्या बरण्या घासूनपुसून, उन्हात वाळवून ओट्यावर ओळीनं मांडून ठेवल्या. "घे बाई, तुझ्या कैरीला होतील." देवाशप्पथ सांगते, राहुड घाटात ब्रेक लागत नव्हते तेव्हाही मी इतकी घाबरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलं. वय अठ्ठावन्न. ह्यांनी हात जोडले. बाजारातल्या एका गायीपुढं मी पाच मिनिटं गाडी रोखून धरली, तेव्हा मास्तर म्हणाले, "मॅडम, ती रवंथ करतेय, तुमच्यावर चाल करून नाय येणार." लायसन्स मिळालं ते परीक्षेत की दयेत, मला ठाऊक नाही.

परवा आम्ही चांदवडला निघालो. ताशी तीसच्या वर काटा गेला नाही. ट्रॅक्टरवाले मागं वळून बघत होते. घामानं माझा पदर भिजला. आता डाव्या सीटवर ताई होत्या आणि उजवीकडे मी. ओझरच्या पुढं त्या माझ्याकडे बघून एकदम म्हणाल्या, "मंगल, आता दिसतेस गं तू. किती म्हातारी झालीस!" मला रडू फुटलं, पण डोळे पुसायला हात सोडणार कशी?

त्यांनी वही काढली. म्हणाल्या, "पहिल्यांदाच एका जागी बसली आहेस, काढून घेते." सुमनबाईंच्या अंगणात गाडी थांबवल्यावर मी ते चित्र हातात घेतलं आणि आधी डावीकडे बघितलं. स्टिअरिंग होतं, त्यावर आवळलेल्या माझ्या दोन्ही मुठी होत्या, समोरच्या काचेवरची लिंबू-मिरचीसुद्धा होती. सगळं मान वळवून, नीट बघून काढलेलं. राहिला होता तो फक्त माझा अंबाडा, आणि तो उजवीकडे होता.

"हा कधी पुरा करणार?" मी विचारलं.

"आणशील तेव्हा," ताई म्हणाल्या आणि सुमनबाईंकडे चाळीचे खांब काढायला गेल्या.