मशीनखालच्या विटा

तिच्या शिलाई मशीनच्या पायांखाली दोन-दोन विटा होत्या. कुणी विचारलंच तर ती सांगे, "कंबर धरते हो, उभ्यानं बरं पडतं." कंबर ठणठणीत होती. पण बसलं की दहा मिनिटांत खुर्ची ओली, हे चारचौघांत सांगण्यापेक्षा बिचाऱ्या कंबरेवर खापर फोडणं सोयीचं होतं. गल्लीनं तिचं नाव उभी मावशी ठेवून टाकलं. गल्लीला कारण लागत नाही, नाव पुरतं.

दुकान तिचं आणि धाकट्या जावेचं. नवं काही शिवत नसत. घट्ट झालेलं सैल करायचं, लांब असेल ते आखूड, आणि इतर शिंप्यांनी घातलेला घोळ निस्तरायचा. भिंतीवर मावशीच्याच अक्षरात पाटी होती : 'उसवलेल्या कपड्यावर लगेच टाका घातला जाणार नाही.' उसवल्यावर कापड ताणलेलं असतं, सुईची भोकं उघडी असतात. चार दिवस टांगून ठेवलं की धागे आपापल्या जागी येतात. गिऱ्हाईक रडो, भांडो, मावशी चार दिवसांचे साडेतीन करत नसे.

गेल्या वर्षी तिचं गर्भाशय काढलं. आतल्या एका टाक्यात मूत्राशयाची भिंत सापडली, तिथं छिद्र पडलं आणि लघवी आपली वाट सोडून भलत्याच वाटेनं झिरपू लागली. डॉक्टर म्हणाले, जरा थांबू. पण शाळा उघडायला महिना होता आणि सैल-आखूड करायच्या गणवेशांचे गठ्ठे छताला टेकले होते. "थांबायचं काय त्यात? दोन टाक्यांचं तर काम!" असा तिनं लकडा लावला. डॉक्टरही माणूसच, शिवून मोकळे झाले. नवव्या दिवशी सगळं उसवलं.

"ताई," जाऊ म्हणाली, "पाटी फक्त गिऱ्हाइकांसाठी होती का?"

मावशीनं आठवडाभर तिच्याशी फक्त मापांबद्दल बोलणं ठेवलं.

दुसऱ्या इस्पितळातली डॉक्टरीण बारीक चणीची, कमी बोलणारी होती. तिनं योनिमार्गात कापसाचे तीन बोळे एकावर एक ठेवले, नळीनं मूत्राशयात निळं पाणी सोडलं, मावशीला थोडं चालायला लावलं आणि बोळे काढले. सगळ्यात वरचा निळाशार.

"छिद्र वर आहे. आधीच्या टाक्यांनी कडा सुजल्यात. तीन महिने हात लावायचा नाही."

"तीन महिने? मी काय सागाचं लाकूड आहे, वाळायला टाकलेलं?"

"लाकूड निदान गप्प पडून राहतं," डॉक्टरीण म्हणाली.

ते तीन महिने मावशी दुकानात पिंजऱ्यातल्या वाघिणीसारखी फिरली. तासातासाला आतली कापडाची घडी बदलायची, धुवायची, वास येतो का म्हणून स्वतःचाच संशय घ्यायचा. बसमध्ये जागा असली तरी दाराशी उभी. बहिणीनं नवा सोफा घेतला तेव्हा तो बघायला गेली आणि पाऊण तास उभ्यानंच त्याचं कौतुक करून आली. बहीण अजून फुगलेली होती.

"ताई, बस्स झाल्या येरझारा!" एकदा जाऊ वैतागली.

"बसता येत असतं तर झाल्या असत्या का?"

शेवटी तारीख मिळाली. डॉक्टरणीनं समजावलं, "छिद्र शिवायचं, आणि दोन भिंतींच्या मध्ये अस्तर घालायचं. म्हणजे टाक्यांवर टाके येत नाहीत, ओढ बसत नाही."

मावशीचा चेहरा पहिल्यांदा खुलला. "अस्तर कशाचं?"

"तुमच्याच चरबीचं. शेजारून फिरवून घेऊ."

"घ्या हवं तेवढं. तिथं तुटवडा नाही."

ऑपरेशननंतर तीन आठवडे लघवीची नळी आणि पिशवी. मग पुन्हा ते निळं पाणी. मावशी डॉक्टरणीच्या तोंडाकडे बघत नव्हती. तिची नजर ट्रेवर होती. पहिला बोळा आला. निळा.

 विटांच्या जागी आता सिमेंटचे ठोकळेच बसवून घ्यावेत, एवढंच मावशीच्या मनात आलं.

"हा खालचा. पाणी भरताना नळीच्या तोंडाशी सांडलं, ते लागलंय," डॉक्टरीण म्हणाली. "घाई करू नका."

दुसरा पांढरा. तिसरा, सगळ्यात वरचा, डॉक्टरणीनं खिडकीकडे धरून उलटसुलट पाहिला आणि मावशीच्या हातात दिला. मावशीनं तो दोन बोटांत दाबला, चिवडला, कापडाचा पोत बघावा तसा बघितला. पांढरा. कोरा.

"आता बसा," डॉक्टरीण म्हणाली.

"कुठं?"

"कुठंही."

महिन्याभरानं ती दुकानात आली तेव्हा जावेनं विटा काढून ठेवल्या होत्या. मावशी बसली. एक बाही लावली, उठली, वळून खुर्चीवरून हात फिरवला. कोरडी. पुन्हा बसली. कॉलर उलटली, उठली, हात फिरवला. दुपारपर्यंत हे सात वेळा झालं.

"ताई, खुर्ची आहे ती. पळून जाणार नाही."

"तुझा काय भरवसा, तुझ्या खुर्चीचा काय," असं पुटपुटत मावशीनं विटा कुठं ठेवल्यात ते एकदा बघून घेतलं, आणि आठव्यांदा बसली.